सातवी टाकी

४ मार्च

बाईंनी आज माझी प्रयोगाची वही उघडली, पहिल्या पानावरचं एक वाक्य वाचलं आणि वही मिटून माझ्यासमोर ठेवली. वाक्य असं होतं : 'आजपासून माझ्या आयुष्याला दिशा मिळाली.' बाई म्हणाल्या, "इथे पाण्याचं तापमान लिहायचं. तुझं तापमान घरी दुसऱ्या वहीत लिही."

म्हणून ही दुसरी वही.

मत्स्यबीज केंद्रात मी संशोधन सहायक म्हणून लागले. नेमणूक एका हंगामापुरती आहे. हंगाम नीट पार पडला तर जुलैमध्ये समितीपुढे काम मांडायचं, आणि त्यांना पटलं तर पुढच्या चार वर्षांच्या संशोधनाची जागा. जागा एकच. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळे 'पुढे काय' हे विचारायला घरात कुणी नाही. सगळं बाईंनाच विचारते. त्या या प्रयोगाच्या प्रमुख आहेत. त्यांना फार बोललेलं आवडत नाही.

बाबा याच केंद्रात अठ्ठावीस वर्षं टाक्या बघतात. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन मागच्या दाराने यायचे. आज पुढच्या दाराने आले. बाबा बादली घेऊन तिथेच उभे होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "या मॅडम." सगळे हसले. मीही हसले.

७ मार्च

आज अंडी टाक्यांत सोडली. प्रयोग सोपा आहे, निदान सांगायला. सगळी अंडी एकाच दिवसाची, ठरावीक माद्यांचीच. एक, दोन, तीन या टाक्यांत नेहमीचं पाणी. चार, पाच, सहामध्ये चार अंश जास्त कोमट, तेही पिल्लू अंड्यातून बाहेर येईपर्यंतच. त्यानंतर सगळ्यांना सारखं पाणी, सारखं खाद्य. उरलेली अंडी सातव्या टाकीत नेहमीच्या पाण्यात, राखीव. प्रश्न असा की अंड्यात असताना मिळालेली ऊब मासा मोठा झाल्यावरही त्याच्या अंगाला आठवते का?

बाई म्हणतात, आठवते. जनुकं तीच राहतात, पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसतात. खूण बसली की जनुक बहुधा गप्प होतं, खूण नसलेलं बोलत राहतं. स्नायू घडवणाऱ्या जनुकांवरच्या खुणा उबेने बदलल्या, तर माशाच्या अंगात स्नायूंचे तंतू वेगळ्या संख्येने तयार होतील, आणि तो ठेवा जन्मभर राहील. काहीही न टोचता, न पाजता मासा जोमाने वाढेल. पहिल्या पाच दिवसांत सगळं ठरतं! हे ऐकून माझ्या तर अंगावर काटा आला होता.

संध्याकाळी आईला सांगितलं. आई लोकांचे कपडे शिवते, म्हणून खडूचं उदाहरण घेतलं. कापड तेच असतं, खडूची खूण कुठे पडली त्यावर झगा होणार की पिशवी ते ठरतं.

आई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "खडू झटकला की जातो."

"या खुणा नाही जात."

"मग तो खडू नव्हे, डाग."

धाकट्या बहिणीलाही सगळं समजावलं. ती हुशार आहे, एकामागून एक प्रश्न विचारत होती. बाबा कोपऱ्यात पायाला तेल चोळत बसले होते. मध्येच म्हणाले, "त्या तीन टाक्यांत पाणी कोमट कशाला केलंय?"

मी म्हटलं, "प्रयोग आहे बाबा. लांबलचक प्रकरण आहे." तोवर धाकटीचा पुढचा प्रश्न आला होता.

१२ मार्च

पिल्लं बाहेर आली. इथले लोक त्यांना जिरे म्हणतात, आणि दिसतातही तशीच. जिऱ्याला दोन डोळे फुटल्यासारखी. बाईंनी आणि मी दिवसभर बसून मोजली. सहा टाक्यांत प्रत्येकी सहाशे, सातवीत चोवीसशे. मान मोडून आली आहे.

मी स्वतः एक सूचना छापून भिंतीवर लावली : 'टाकी क्र. ४, ५, ६ — उष्ण गट. कोणताही हस्तक्षेप करू नये.' बाबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"हस्तक्षेप म्हणजे?"

"म्हणजे हात लावायचा नाही."

"मग साफ कोण करणार? समिती?"

काप्यादादा खो खो हसले. काप्या म्हणजे आमचे प्रयोगशाळेतले दादा. माशाच्या मांसाचे केसाहून पातळ काप काढून काचेवर चढवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, म्हणून हे नाव. मलाही हसू आलं. मी म्हटलं, "साफ करायचं हो नेहमीसारखं. बाकी काही नाही."

"नेहमीसारखं," बाबा म्हणाले आणि गेले.

१९ मार्च

आठवडा झाला. मेलेल्यांची नोंद रोज सकाळी बाबा करतात. पहिल्या तीन टाक्यांत रोज चार, सहा, एकदा अकरा. माझ्या कोमट टाक्यांत आठवडाभरात तिन्ही मिळून पाच! वाचलेल्या सगळ्या लेखांत लिहिलंय की उबेतली पिल्लं जास्त मरतात, कधी कधी तिसरा हिस्सा. मी पळतच बाईंकडे गेले. त्यांनी नोंदवही पाहिली आणि म्हणाल्या, "पुन्हा मोज."

पुन्हा मोजलं. बरोबर निघालं. त्या फक्त "हं" म्हणाल्या.

खरं सांगायचं तर वाईट वाटलं. टाक्या बघणाऱ्याच्या मुलीच्या हातून चांगलं काही होऊ शकतं, हे लोकांना चटकन पचत नाही. बाई तशा नाहीत असं मला वाटायचं.

२४ मार्च

बाबा हल्ली उजाडायच्या आत निघतात. आई आज चिडली. "टाक्या काय पळून जाणार आहेत? आणि हे बघा, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. या वयात खोकला लावून घ्या."

बाबा म्हणाले, "तिचं काम आहे."

एवढंच. मी आतल्या खोलीत होते. डोळ्यांत पाणी आलं. देवाने मला काही कमी दिलेलं नाही.

२ एप्रिल

आज केंद्राचे मोठे साहेब चार पाहुण्यांना घेऊन आले. त्यातले दोघे जुलैच्या समितीत असणार आहेत. बाई एका बैठकीला गेल्या होत्या, त्यामुळे मलाच सांगावं लागलं. खडूचं उदाहरणही दिलं. शेवटी मी म्हटलं, "आणि माझ्या उष्ण टाक्यांमध्ये आज एकही पिल्लू मेलेलं नाही." पाहुण्यांनी माना डोलावल्या. साहेब म्हणाले, "बापाचे हात, मुलीचं डोकं!" बाबा मागे जाळी घेऊन उभे होते. साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली तशी त्यांच्या हातातली बादली थोडी हिंदकळली. बादलीवर फडकं टाकलेलं होतं.

रात्री बाबा जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. मला वाटतं, भरून आलं असेल. आमच्याकडे कौतुक झालं की असंच होतं, सहन होत नाही.

१० एप्रिल

आज आईबरोबर काजं-बटणं करत बसले होते. बोलता बोलता तिने एक जुनी गोष्ट काढली. मी तिच्या पोटात होते त्या वर्षी केंद्रातल्या एका टाकीतले मासे एका सकाळी सगळे उलटे तरंगत होते. हवा सोडणारा पंप बंद पडला होता. बाबांनी मोजून खरा आकडा लिहिला, चार हजार दोनशे सोळा. पंप कुणाच्या हाताखाली होता हे कुणी विचारलं नाही. वहीत आकड्याखाली सही बाबांची होती. त्यांना चार महिने घरी बसवलं.

"मी अर्धपोटी, आणि तू आत लाथा मारतेस," आई म्हणाली. "म्हणून तू ही अशी काडी राहिलीस. चार महिन्यांनी परत घेतलं तेव्हा तेव्हाचे साहेब म्हणाले, 'पुढे लिहिताना विचार करत जा.' तेव्हापासून करतात विचार."

आई हसली, म्हणून मीही हसले. मग तिने दोरा ओवायला सुई माझ्याकडे दिली. तिला हल्ली दिसत नाही.

१७ मे

बरेच दिवस लिहिलं नाही. रोज तेच : तापमान, खाद्य, सफाई. जिऱ्यांची बोटभर पिल्लं झाली. बाबा त्यांना बोटुकली म्हणतात. कोमट टाक्यांमधली सगळी सारखी वाढत नाहीयेत. काही चांगली टणक, काही पहिल्या तीन टाक्यांतल्यासारखीच. बाईंना सांगितलं. म्हणाल्या, "कापांची वाट बघ."

११ जून

काप्यादादांनी काप दाखवले. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायू म्हणजे फरशी बसवल्यासारखा दिसतो, एकेक फरशी म्हणजे एकेक तंतू. साध्या टाक्यांमधल्या माशांत फरश्या मोठ्या आणि कमी. कोमट टाक्यांमधल्या काही माशांत बारीक बारीक आणि खूप. ऊब आठवते! मी जवळजवळ ओरडलेच.

"थांब, नाचू नकोस," काप्यादादा म्हणाले. "ही बघ पुढची काच. हाही तुझ्या पाचव्या टाकीतला."

त्यात फरश्या मोठ्या आणि कमी होत्या. साध्या माशासारख्या.

तीस मासे कापले. सतरा एका तऱ्हेचे, तेरा दुसऱ्या. मधला एकही नाही.

"जावा-जावा एका घरात नांदतायत," काप्यादादा म्हणाले.

२० जून

बाहेरच्या प्रयोगशाळेकडून जनुकांवरच्या खुणांचा अहवाल आला. तिथेही तेच. सतरा माशांवरच्या खुणा बदललेल्या आहेत. तेरा माशांवरच्या जशाच्या तशा, जणू त्यांना ऊब कधी लागलीच नाही.

दिवसभर डोक्यात हेच. संध्याकाळी घरी चालत येताना उत्तर सुचलं आणि मी रस्त्यातच थांबले. खुणा बसल्या असणार. पाणी तर सगळ्यांना एकच होतं. म्हणजे या तेरा माशांनी त्या पुसल्या! पहिल्या पाच दिवसांत अंगावर जे लिहिलं गेलं ते या माशांनी पुढे नाकारलं. आजवर मी म्हणत होते, पहिल्या पाच दिवसांत सगळं ठरतं. ते खरं नसेल तर? कुठल्या पाण्यात जन्मलो, आई अर्धपोटी होती की भरल्या पोटी, हे काही कायमचं नसेल तर? मी या माशांना 'विसरलेले मासे' असं नाव दिलं आहे. समितीपुढे हेच मांडणार.

इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता. घरी आल्याबरोबर धाकटीला उचलून फिरवलं. बाबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "बाबा, तुमच्या टाक्यांतून काहीतरी मोठं निघालंय." ते एकदम उठून उभे राहिले. म्हणाले, "काय निघालं?" त्यांचा चेहरा बघून मला हसू आलं. म्हटलं, "घाबरू नका, चांगलं आहे." मग ते बसले.

२९ जून

बाईंनी माझं टिपण वाचलं. मग म्हणाल्या, "सुंदर लिहिलंयस."

मी धन्यवाद म्हणणार होते.

"म्हणून भीती वाटते. मासे असे दोन रांगांत उभे राहून विसरत नाहीत. थोडे विसरणारे, अर्धे विसरणारे, असे मधले कुठे आहेत? समितीच्या आधी सातवी टाकी मोज. तिच्यातल्या दहा माशांचे काप घे आणि तुझ्या विसरलेल्यांच्या शेजारी ठेव."

सातवी टाकी राखीव आहे, तिचा प्रयोगाशी संबंध नाही. बाईंना हे माझ्याइतकंच माहीत आहे. मोजीन सवडीने.

६ जुलै

सातवी मोजली.

सोडली होती २४००. नोंदवहीतले मेलेले २६२. असायला हवीत २१३८. आहेत १४१०.

७२८ नाहीत.

दोनदा मोजलं. काप्यादादांनी तिसऱ्यांदा मोजलं. मग त्यांनी सातवीतल्या माशाची काच माझ्या विसरलेल्या माशाच्या काचेशेजारी ठेवली आणि काही विनोद केला नाही.

७ जुलै

सकाळी बाबांबरोबरच निघाले. केंद्रात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. बाबा जाळी धूत होते.

"बाबा, सातवीतली पिल्लं कुठे गेली?"

"कुठे जातील? तुझ्याच टाक्यांत."

इतक्या सहज म्हणाले, जसं घरातली खुर्ची या खोलीतून त्या खोलीत नेली.

"तुम्ही घातली?"

"मग काय आपोआप उड्या मारतील? मेलेली काढायची, तेवढी राखीवमधून घालायची. टाक्या सारख्या ठेवायच्या असतात. अठ्ठावीस वर्षं हेच करतोय. राखीव टाकी असते कशाला?"

"मग एक, दोन, तीनमध्ये का नाही घातली?"

"तिथे पाच-दहा मरायची. पाच-दहाला कुणी काही म्हणत नाही. तुझ्या कोमट टाक्यांतली मात्र पटापट जायची. एका दिवशी चाळीस." त्यांनी जाळी झटकली. "तुझं पहिलंच काम. चाळीसचा आकडा कुणी पाहिला असता तर?"

मी म्हटलं, "बाबा, ती मरणं हाच तर प्रयोग होता. किती मरतात, कोणती उरतात..."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. त्यांच्या हातातली जाळी हळूहळू खाली गेली. मला आयुष्यभर ते विसरता येणार नाही.

"मग मला सांगायचं ना, पोरी."

"सूचना लावली होती."

"हात लावू नका लिहिलं होतं. मी हात नाही लावला. पेल्याने सोडली."

मी हसले की रडले, मलाच कळलं नाही.

८ जुलै

परवा समिती.

ही वही उघडते, मिटते. काप्यादादांना माहीत आहे, पण ते बोलणार नाहीत. बाईंना सातवीचा आकडा अजून दिलेला नाही. 'विसरलेले मासे' मांडले तर जागा मिळेलच. साहेबांना तर ती कल्पना फारच आवडली आहे. आणि खरं सांगितलं तर ते विचारतील, कुणी केलं? बाबांच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. वहीतल्या प्रत्येक आकड्याखाली सही त्यांची आहे.

मी मोठ्या तोंडाने म्हणायचे की विज्ञानात खोटं टिकत नाही. टिकेल. कितीतरी वर्षं टिकेल. दुसरं कुणीतरी विसरलेले मासे शोधत बसेल आणि त्याला ते सापडणार नाहीत, एवढंच.

९ जुलै

बाईंकडे गेले. म्हटलं, "सातवीतली पिल्लं कोमट टाक्यांत घातली गेलीत. मी घातली. मला वाटलं, संख्या सारखी राहावी."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"कधी घालायचीस?"

"सकाळी."

"किती वाजता?"

"सहाला."

"मी सव्वासहाला येते. चार महिन्यांत मला तू एकदाही दिसली नाहीस. मला कोण दिसायचं, सांगू?" त्या उठून खिडकीपाशी गेल्या. "मला वाटायचं, किती जीव लावून साफ करतो हा माणूस. मीही नाही थांबले. नाही विचारलं."

त्या माझ्याकडे वळल्या.

"टाक्या बघणाऱ्याला प्रयोग समजावून सांगायचं काम कुणाकडे होतं?"

"माझ्याकडे."

"सांगितलास?"

आईला सांगितला. धाकटीला सांगितला. पाहुण्यांना सांगितला. एकदा दुधवाल्याला दारात उभं करून सांगितला होता.

"मग चूक तुझीच आहे," बाई म्हणाल्या. "खोटं बोलायची काही गरज नव्हती."

१० जुलै

समितीपुढे मी तीन मिनिटं बोलले. टाक्यांमधले मासे मिसळले आहेत, निष्कर्ष काढता येणार नाही, काय आणि का करायचं ते मी टाक्या बघणाऱ्यांना समजावलं नाही. बाई उठून म्हणाल्या, "प्रयोग माझा आहे. माझंही नाव लिहा." समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "तेरा माशांमध्ये खुणा पुसल्या गेल्याची शक्यता अगदीच नाही का?" फार आशेने विचारलं. मी म्हटलं, "नाही."

जागा यंदा कुणालाच द्यायची नाही असं ठरलं.

१५ जुलै

साहेबांनी बाबांना टाक्यांवरून काढून मागच्या फाटकावर बसवलं. रागावले नाहीत, नुसती चिठ्ठी पाठवली. आई म्हणाली, "बरं झालं, ओल्यातून सुटलात." बाबा "हो" म्हणाले. सकाळी सवयीने उजाडायच्या आत उठतात आणि मग कुठे जायचं नसल्यासारखे खाटेवर बसून राहतात.

आमचं एकमेकांशी बोलणं नेहमीसारखं आहे. मीठ दे, दार लाव.

३१ जुलै

नेमणूक आज संपली. दुपारी टाक्या रिकाम्या केल्या. मासे तळ्यात सोडले, सगळे एकत्र. आता कोण उबेतला आणि कोण सातवीतला, कुणीच सांगू शकणार नाही.

सामान घेऊन मागच्या फाटकाकडून निघाले. बाबा स्टुलावर बसले होते. मला बघून उठायला लागले. मी म्हटलं, "बसा." मीही शेजारच्या पायरीवर बसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. अंडी. ऊब. खुणा. खडूचं उदाहरण नाही घेतलं. त्यांना त्याची गरजच नव्हती. अठ्ठावीस वर्षं ते अंड्यातून मासा होताना बघत आलेत. कोणत्या दिवशी पाठीचा कणा दिसतो, कोणत्या दिवशी पहिल्यांदा वळवळतो, हे त्यांनीच मला सांगितलं आणि ते पुस्तकाशी जुळत होतं. अर्धा-पाऊण तास गेला. या वेळी मी एकदाही 'लांबलचक प्रकरण' म्हटलं नाही.

शेवटी ते म्हणाले, "एक विचारू का?"

"विचारा."

"मेली ती कोणती? ज्यांच्यावर खूण बसली ती मेली, की ज्यांच्यावर बसली नाही ती?"

पाच महिन्यांत हा प्रश्न ना मला पडला, ना समितीत कुणी विचारला. उरलेल्यांवर खुणा आहेत म्हणून आम्ही म्हणणार होतो की उबेने खुणा केल्या. कदाचित उबेने फक्त निवड केली असेल. मेलेल्यांना तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि मेलेली रोज सकाळी फडक्याखालच्या बादलीतून मोरीत गेली.

"माहीत नाही, बाबा," मी म्हटलं. "किती मेली तेही माहीत नाही."

"ते मला माहीत आहे. लिहिली नाहीत म्हणजे मोजली नाहीत, असं नाही."

मग ते बोलत गेले आणि मी पिशवीतून हीच वही काढून लिहीत गेले. चौदा मार्च, नऊ. पंधरा, अकरा. सोळा, चोवीस. अठरा मार्चला चाळीस, त्यातली सव्वीस एकट्या पाचव्या टाकीत. डोळे मिटून सांगत होते, मध्ये कुठे अडखळले नाहीत. दोन पानं भरली. हे आकडे कुठल्याही अहवालात जाणार नाहीत. आठवणीतले आकडे पुरावा होत नाहीत, हे मला कळतं.

एप्रिलच्या पहिल्या तारखेनंतर ते थांबले.

"दोन एप्रिल?" मी विचारलं.

त्या दिवशी पाहुणे आले होते.

बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यांत जास्त होती."

"किती?"

"तू सांगत होतीस तेव्हा माझ्या हातातच होती." मग म्हणाले, "तो आकडा नको लिहूस."

मी पुढचा दिवस विचारला. त्यांनी सांगितला. शेवटपर्यंत सांगितलं.

दोन एप्रिलसमोरची जागा मोकळी आहे. सातशे अठ्ठावीसमधून बाकीच्यांची बेरीज वजा केली की तो आकडा निघेल. मी ती वजाबाकी केलेली नाही.